कूलरच्या गारव्यात वाढलेली चिलटं: जळगावातल्या एका घरातल्या २२ कुंड्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव शहरातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे धुण्याभांड्याची जागा आणि वर गच्ची. घरात सासूबाई, मुलगा, सूनबाई, धाकटा दीर आणि दोन मुलं. धाकटं तीन वर्षांचं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. क्रम, चुका आणि उपाय जसेच्या तसे ठेवले आहेत.

घरात २२ कुंड्या होत्या. त्यांतल्या १३ हॉलमध्ये, बाकीच्या खोल्यांत, स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि जिन्याजवळ. मनी प्लँट, अरेका पाम, रबर प्लँट, सिंगोनियम, पीस लिली, एक फर्न, स्नेक प्लँट, झेडझेड आणि कोरफड. गच्चीवर वेगळ्या १५ कुंड्या: तुळस, जास्वंद, कढीपत्ता, गुलाब.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात घरातल्या ९ कुंड्यांची माती बदलली. शेतातली काळी माती, पूर्ण न कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिश्रण अंदाजानेच केलं होतं. त्याच आठवड्यात कूलर लागला. जळगावचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला हे सांगायला नको: मार्च संपता संपता कूलर सुरू होतो आणि पाऊस पडेपर्यंत बंद होत नाही. हॉलच्या खिडकीत कूलर आणि त्याच्या झोतासमोर कुंड्यांची रांग, अशी मांडणी होती.

काळी माती कपाशीला उत्तम, पण कुंडीत ती एकटी घातली की अडचण होते. तिच्यातले चिकणमातीचे बारीक कण पाणी धरून फुगतात, हवा खेळायला जागा उरत नाही. सुकली की आकसते, कडेने भेगा पडतात, मग वरून घातलेलं पाणी भेगांतून सरळ ताटलीत उतरतं. वरून कुंडी कोरडी दिसते आणि बुंध्याशी चिखल असतो. त्यात कोकोपीट मिसळलं, म्हणजे पाणी धरणाऱ्या मातीत आणखी पाणी धरणारा पदार्थ आला.

समस्या

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टीव्हीच्या पडद्यावर, चहाच्या कपाभोवती आणि जेवताना तोंडाशी बारीक काळी चिलटं दिसू लागली. एप्रिलच्या शेवटी आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, माहेरवाशिणी घरी आल्या, आणि पाहुण्यांच्या पुरणपोळीवर चिलटं बसायला लागल्यावर विषय ऐरणीवर आला. तोपर्यंत तीन आठवडे हातचे गेले होते. ते कसे गेले हे तपशिलात पाहण्यासारखं आहे, कारण बहुतेक घरांत ते असेच जातात.

पहिला समज झाला की ही केळ्यांवरची चिलटं. स्वयंपाकघरात केळ्यांची फणी टांगलेली असायची. या भागात ते नवीन नाही. म्हणून वाटीत व्हिनेगर आणि साबणाचे दोन थेंब घालून ठेवले. वाटीत थोडी चिलटं पडली, त्यामुळे निदान बरोबर आहे असंच वाटलं. प्रत्यक्षात घरात दोन वेगवेगळी चिलटं होती. फळांवरचं चिलट तपकिरी, जाडसर, बहुधा लाल डोळ्यांचं असतं आणि फळाभोवती किंवा कचऱ्याच्या डब्याभोवती घिरट्या घालतं. कुंडीतलं चिलट २ ते ४ मिलिमीटरचं, काळपट, डासासारखं सडपातळ आणि लांब पायांचं. ते धड उडत नाही, मातीवर तुरुतुरु चालतं आणि कुंडी हलवली की उसळतं. बाथरूमच्या मोरीतलं चिलट तिसरंच: केसाळ, पंख पसरून भिंतीला चिकटून बसणारं.

कुंडीतली ही चिलटं सायॅरिडी कुळातली, बहुतेक ब्रॅडिसिया प्रजातीची. ती चावत नाहीत आणि पानंही खात नाहीत. खरं नुकसान अळी करते. ती पांढरट पारदर्शक, बिनपायाची असते, डोकं चकचकीत काळं, लांबी ५ ते ६ मिलिमीटरपर्यंत. तिचं मुख्य अन्न म्हणजे ओल्या मातीतली बुरशी आणि कुजणारा पालापाचोळा. अळ्या फार झाल्या की केशमुळं आणि कोवळ्या कलमांचे देठही कुरतडतात. मादी साधारण १०० ते २०० अंडी मातीच्या वरच्या ओल्या थरात घालते. साधारण २४ अंश तापमानाला अंड्यापासून चिलट व्हायला अडीच ते चार आठवडे लागतात. अंडं ३-४ दिवस, अळी सुमारे दोन आठवडे, कोष ४-५ दिवस. उडणारं चिलट आठवडा-दहा दिवसच जगतं.

म्हणजे हवेत जे दिसतं तो फौजेचा छोटा भाग असतो. बाकी सगळी मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत असते. डासांचा स्प्रे मारला की खोली दोन दिवस मोकळी वाटते, तिसऱ्या दिवशी कोषांतून नवी चिलटं निघतात. या घरात स्प्रे चार वेळा मारला गेला आणि चारही वेळा हेच झालं.

सूनबाईंनी एक महत्त्वाची गोष्ट टिपली: गच्चीवरच्या १५ कुंड्यांवर एकही चिलट नव्हतं. तिथे माती तीच होती, शेणखतही तेच. फरक होता तो उन्हाचा. बाहेर ४३-४४ अंशांत वरचा थर दुपारपर्यंत भाजून निघायचा. घरात कूलरमुळे तापमान २८ अंशांच्या आसपास आणि हवा दमट. कूलरने माणसांसाठी जो गारवा केला तोच चिलटांनाही मानवला. पाणी नेमकं कुठे मुरतंय, हे त्या एका निरीक्षणातून कळलं.

आधी खात्री: बटाटा आणि पिवळी कार्डं

पुढचं काही करण्याआधी दोन चाचण्या केल्या. या दोन्हींमुळे नंतरचे जवळजवळ सगळे निर्णय सोपे झाले.

पहिली बटाट्याची. कच्च्या बटाट्याचा बोटभर रुंद, एक सेंटिमीटर जाड तुकडा कापायचा आणि कापलेली बाजू खाली करून ओल्या मातीत जरासा दाबायचा. तिसऱ्या दिवशी उचलून टॉर्चच्या उजेडात खालची बाजू पाहायची. अळ्या बटाट्याकडे येतात. काळं डोकं असेल तर त्याच. पांढरे बारीक जीव उड्या मारत असतील तर ते वेगळे, निरुपद्रवी असतात, त्यांच्यामागे लागू नये. तुकडा चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, तो कुजून स्वतःच खाद्य होतो. प्रत्येक कुंडीला खडूने क्रमांक दिला. २२ पैकी ११ कुंड्यांत अळ्या निघाल्या. त्यांतल्या ८ मार्चमध्ये माती बदललेल्या, उरलेल्या ३ कूलरच्या अगदी झोतातल्या.

दुसरी चाचणी पिवळ्या चिकट सापळ्यांची. कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी हे सापळे वापरतात, त्यामुळे खानदेशात कुठल्याही कृषी सेवा केंद्रात सहज मिळतात. मोठा सापळा कापून पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचे तुकडे केले आणि आइस्क्रीमच्या काडीला लावून मातीलगत रोवले. फूटभर उंच लावलं तर पकड कमी होते, कारण ही चिलटं मातीलगतच वावरतात. सहा कार्डं, दर रविवारी मोजणी, मोजलेली चिलटं पेनाने खूण करून वेगळी. पहिल्या आठवड्यात सहा कार्डांवर मिळून १३८ चिलटं.

कार्डामुळे चिलटं संपत नाहीत. ज्या माद्या त्याला चिकटतात त्यांतल्या काहींनी अंडी आधीच घातलेली असतात. कार्डाचा उपयोग मोजण्यासाठी. मोजल्याशिवाय उपाय लागू पडतोय की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही. डोळ्यांचा अंदाज रोज बदलतो.

विचारात घेतलेले पर्याय

*दाणेदार कीटकनाशक.* दिराने शेतातल्या खोलीत उरलेलं फोरेट आणून कुंड्यांत चिमूटभर टाकायचं सुचवलं. शेतीशी नातं असलेल्या घरात हा विचार सगळ्यांत आधी येतो, आणि तो सगळ्यांत घातक. फोरेट अत्यंत विषारी आहे. भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावरच बंदी आहे. पूर्वी घराघरांत फवारलं जाणारं डायक्लोरव्हॉसही त्याच दिवसापासून बंद झालं. बंद खोली, कूलरचा झोत आणि मातीत हात घालणारं तीन वर्षांचं मूल, अशा घरात त्याचा विचारही नको. सूनबाईंनी ठाम नकार दिला. तंबाखूचं पाणीही याच कारणासाठी बाद केलं: निकोटीन हेही विषच आहे, आणि घरगुती काढ्यात ते किती उतरलं हे कुणालाच सांगता येत नाही.

*सगळ्या कुंड्यांची माती बदलणं.* ऐकायला मुळावर घाव घातल्यासारखं वाटतं. पण ऐन मे महिन्यात २२ झाडांची मुळं उघडी करायची म्हणजे निम्मी झाडं कोमेजणार. काळी माती मुळांना घट्ट धरून असते, ओढताना केशमुळं तुटतात. आणि नवं मिश्रण कुठून आणणार? तेही ओलं, उघडं पडलेलं असेल तर चिलटं सोबत येतील. म्हणून ज्यांच्या मातीला आंबूस वास येत होता त्या ३ कुंड्यांचीच माती बदलायची ठरली.

*कुंड्या गच्चीवर नेणं.* ऊन अळ्यांना मारेल, पण पीस लिली आणि सिंगोनियमची पानं एका दुपारीत करपतील. सरसकट नाही.

*हायड्रोजन पेरॉक्साइड.* ३ टक्क्यांच्या एका भागाला चार भाग पाणी, हे प्रमाण सगळीकडे फिरतं. आपल्याकडच्या मेडिकल दुकानांत मात्र बहुधा ६ टक्क्यांची बाटली मिळते. तिला एका भागास नऊ भाग पाणी हवं, तेव्हा तेवढीच तीव्रता येते. बाटलीवरचा आकडा न वाचता चार भागांत मिसळलं तर द्रावण दुप्पट तीव्र होतं. अंगावर पडलेल्या अळ्या त्याने मरतात, पण फेस निवला की असर संपतो, आणि मातीतले उपयोगी जीवही होरपळतात. एकदाच, फार प्रादुर्भाव असलेल्या कुंड्यांसाठी हातात ठेवण्यासारखा उपाय.

*निंबोळी पेंड.* कडुनिंबाचा उपयोग आहे, पण ओल्या कुंडीत वरून पसरलेल्या पेंडीवर बुरशी चढते आणि बुरशी हेच अळीचं खाद्य. कोरड्या व्यवस्थापनाआधी पेंड टाकू नये, हे इथे आवर्जून सांगायला हवं. अनेक जण नेमकं उलटं करतात.

*बीटीआय.* बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा इस्रायलेन्सिस हा प्रकार. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. डास आणि चिलटं यांच्या अळ्यांनी तो खाल्ला की त्यांचं आतडं फुटतं. माणूस, पाळीव प्राणी, गांडुळं यांना त्याचा त्रास नाही. अंडी आणि कोष काही खात नाहीत, म्हणून त्यांच्यावर परिणाम शून्य. त्यासाठीच तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

इथे एक खास खानदेशी घोटाळा झाला. कृषी सेवा केंद्रात "बीटी द्या" म्हटलं. कपाशीच्या पट्ट्यात २००२ पासून बीटी म्हणजे बीटी कपाशी, आणि फवारायची बीटी पावडर म्हणजे बोंडअळीसारख्या पतंगवर्गीय अळ्यांवरची, कुर्स्टाकी प्रकारची. तीच मिळाली. ती दहा दिवस वापरली गेली, चिलटं जशीच्या तशी. दुकानदाराने मागितलं ते दिलं. डब्यावरचं तिसरं नाव मात्र कुणी वाचलं नाही. इस्रायलेन्सिस हे नाव डब्यावर असायलाच हवं, आणि ते बहुधा डासांच्या अळ्यांसाठीच्या औषधांत सापडतं.

काय केलं

*पाण्याचा कारभार एका हातात.* हा सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत परिणामकारक निर्णय ठरला. खोदून विचारल्यावर कळलं की सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर घरातल्या कुंड्यांनाही तांब्याभर घालत. संध्याकाळी सूनबाई घालत. दोघींना एकमेकींचं ठाऊक नव्हतं. "उन्हाळ्यात झाडाला रोज पाणी नाही घातलं तर ते जगत नाही," हे सासूबाईंचं म्हणणं गच्चीवरच्या झाडांसाठी अगदी खरं होतं. म्हणून वाटणी केली: गच्ची पूर्णपणे आईंकडे, घरातल्या कुंड्या सूनबाईंकडे. सूनबाईंनी आईंना कुंडी उचलून वजन दाखवलं, बोट मातीत घालून ओल दाखवली. नुसतं "आई, पाणी घालू नका" म्हटलं असतं तर आठ दिवसही टिकलं नसतं.

*झाडांचे तीन गट.* स्नेक प्लँट, झेडझेड आणि कोरफड यांच्या ८ कुंड्यांचं पाणी तीन आठवडे पूर्ण बंद. ही झाडं मुळांत-पानांत पाणी साठवतात, त्यांना काही होत नाही. मनी प्लँट, अरेका आणि रबर यांच्या ९ कुंड्यांत वरची ५ सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावरच पाणी. बोटाची दोन पेरं आत घालून पाहायचं. पीस लिली, सिंगोनियम आणि फर्न यांच्या ५ कुंड्या सुकू द्यायच्या नाहीत, पण पाणी खालून द्यायचं: टबात कुंडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पाणी, त्यात कुंडी अर्धा तास, मग उचलून निथळत ठेवायची. काळ्या मातीला पाणी वर चढायला वेळ लागतो, पाऊण तासही लागू शकतो. पण रात्रभर विसरायचं नाही. ताटल्यांतलं पाणी त्याच दिवशी ओतून टाकायचं.

खालून पाणी देण्यात एक खोच आहे. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार वरच्या थरात साठतात, पांढरी पापडी धरते. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून ते खाली धुऊन काढावं लागतं.

*जागा बदलली.* कुंड्या कूलरच्या झोतातून काढून समोरच्या भिंतीला नेल्या. हॉलच्या दाराची वरची झडप उघडी ठेवली, म्हणजे दमट हवा बाहेर जाते. कूलरसाठीही तेच योग्य.

*भेगा आणि रेती.* वरची माती काट्याने हलकेच मोकळी करून भेगा बुजवल्या. कारण भेग म्हणजे चिलटाला थेट खालच्या ओलीपर्यंत उघडलेलं दार. वरून पाणी द्यायच्या कुंड्यांवर जाडसर रेतीचा दोन सेंटिमीटरचा थर दिला. रेती धुऊन, पत्र्यावर उन्हात दोन दिवस वाळवलेली. बारीक रेती चालत नाही, ती खालची ओल वर ओढते आणि मग तिच्यावरही अंडी पडतात. कुंडीच्या तळाच्या भोकांना आतून नायलॉनची बारीक जाळी लावण्याचं काम माती बदललेल्या ३ कुंड्यांपुरतंच झालं. बाकीच्यांची भोकं मोकळी राहिली; ताटली ओली असली तर चिलटं तिथूनही आत जातात.

त्या ३ कुंड्यांसाठी नवं मिश्रण: काळी माती १ भाग, जाड रेती १ भाग, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे १ भाग, कोकोपीट अर्धा भाग, पूर्ण कुजलेलं गांडूळखत अर्धा भाग. पाणी घातल्यावर मिनिटाभरात तळातून गळायला लागलं तर मिश्रण जमलं.

*बीटीआय.* दुसऱ्या आठवड्यापासून. प्रमाण डब्यावरच्या लेबलावरून घेतलं, कारण दर उत्पादनाची ताकद वेगळी. नेहमीच्या पाण्याऐवजी तेच द्रावण दिलं, वर जादा पाणी नाही. आठ इंची कुंडीला पाव लिटरच्या आसपास, वरची दोन-तीन इंच माती सारखी भिजेल इतकं. वेळ संध्याकाळची, कारण उन्हात तो लवकर निकामी होतो. घोळलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं. पूर्ण कोरड्या ठेवलेल्या ८ कुंड्यांना दिलाच नाही. कोरड्या थरात अळ्या जगतच नाहीत, तिथे पाणी घालून काम बिघडवायचं कशाला? पेरॉक्साइड एकदाच, दोन कुंड्यांत, बीटीआयच्या पाच दिवस आधी. दोन्ही एकाच दिवशी देऊ नयेत.

मधला धक्का

दुसऱ्या आठवड्यात कार्डांवर १२१ चिलटं. घरच्यांचा धीर इथे सुटू लागला होता, पण हे अपेक्षितच होतं: आधीचे कोष फुटतच राहणार. तिसऱ्या आठवड्यात ६४, चौथ्यात १९, पाचव्यात ११.

दर आठवड्याला एक अशा चार वेळा बीटीआय द्यायचं ठरलं होतं. दोनच दिले गेले. चौथ्या आठवड्यात आकडा १९ वर आला, मे महिना, शिरपूरला घरचं लग्न, आठ दिवस सगळे तिकडे. शेजारच्या काकूंना कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं आणि त्यांनी ते मनापासून, रोज, वरून घातलं. सहाव्या आठवड्यात कार्डांवर ४७.

सगळ्यांनी काकूंच्या पाण्याला दोष दिला. इथे जरा थांबून हिशेब करणं गरजेचं होतं. काकूंचं पाणी सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. त्या ओलीत घातलेल्या अंड्यांची चिलटं इतक्या लवकर, तीही इतकी, निघू शकत नाहीत. ही चिलटं आधीच कुठेतरी अळी-कोषात होती. कुंड्यांत अर्धवट सोडलेल्या उपचाराने काही उरली असणार, पण बटाट्याच्या फेरचाचणीत ४ कुंड्यांतच आणि त्याही मोजक्याच अळ्या निघाल्या. आकडा जुळत नव्हता.

मग चार कार्डं कुंड्यांपासून दूर लावली: स्वयंपाकघराचं सिंक, बाथरूम, जिना आणि धुण्याची जागा. तीन दिवसांत धुण्याच्या जागेतल्या एका कार्डावर ३१ चिलटं. तिथे वॉशिंग मशीनच्या मागे मार्चमधलं उरलेलं शेणखत आणि कोकोपीटचं मिश्रण, तोंड उघड्या पोत्यात, धुण्याच्या पाण्याचे शिंतोडे खात पडलं होतं. बाविसाव्या कुंडीनंतरची तेविसावी कुंडी तीच होती, आणि तिला क्रमांक दिलेलाच नव्हता.

पोतं फेकायचं की वापरायचं? जूनचा पहिला आठवडा, पाऊस अजून दूर. खानदेशाच्या उन्हाने फुकटात जे काम होतं ते करून घेतलं. मिश्रण किंचित ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्यांत चार बोटं जाडीच्या थरात भरलं, तोंडं बांधली, गच्चीच्या फरशीवर ठेवून वरून आणखी एक पारदर्शक कागद पसरला. काळा कागद नको. पारदर्शक कागदातून ऊन आत शिरतं आणि ऊब अडकते. माती ६० अंशांवर तासभर किंवा ७० अंशांवर अर्धा तास राहिली की काम होतं. तापमान मधोमध मोजायचं, आणि तापाच्या थर्मामीटरने नव्हे; तो ४२ अंशांपुढे फुटतो. स्वयंपाकाचा खुपसायचा थर्मामीटर चालतो. तिसऱ्या दुपारी पिशवीच्या मध्यभागी ६१ अंश दिसले; तरी आठवडाभर पिशव्या तशाच ठेवल्या. नंतर मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं.

बीटीआय पुन्हा सुरू, या वेळी चारही आठवडे सलग.

परिणाम

सातव्या आठवड्यात ४०, आठव्यात १५, नवव्यात ४, दहाव्यात शून्य. पुढच्या दोन आठवड्यांत मिळून एक चिलट. तोवर पाऊस लागला होता, कूलर बंद झाला होता.

तीन रोपं गेली. सिंगोनियमची दोन नवी कलमं, त्यांचे देठ मातीच्या पातळीवर कुरतडलेले होते. आणि एक छोटी पीस लिली, जिची मुळं अळ्यांपेक्षा साचलेल्या पाण्याने कुजली होती. मोठ्या झाडांना चिलटांमुळे कायमचं नुकसान झालं नाही. अरेकाची टोकं करपली ती जागा बदलल्यामुळे, आणि नव्या पानांना तसं झालं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बटाटा आणि कार्ड पहिल्याच आठवड्यात लावता आले असते. व्हिनेगरची वाटी, चार स्प्रे आणि चुकीची बीटी यांत गेलेले तीन आठवडे म्हणजे चिलटांची जवळजवळ एक पूर्ण पिढी.

उपचार कधी थांबवायचा हे कार्डांवरचा आकडा कमी झाला म्हणून ठरवलं, तिथे निर्णय चुकला. ठरवायला हवं होतं ते जीवनचक्रावरून: सलग तीन आठवडे शून्य किंवा एक-दोन, तेव्हाच थांबायचं. आकडा १९ होता तेव्हा मातीत अंडी आणि कोष होतेच. लग्नाला जाणं टाळता येत नव्हतं, पण जाण्याच्या आदल्या दिवशी तिसरा बीटीआय देता आला असता, आणि काकूंना "पाणी घाला" ऐवजी पाच कुंड्या दाखवून "याच पाच, चौथ्या दिवशी, टबात" असं सांगता आलं असतं. बाकीच्या १७ आठ दिवस बिनपाण्याने आरामात राहिल्या असत्या.

पहिल्या यादीतच घरातलं सगळं ओलं सेंद्रिय साहित्य घ्यायला हवं होतं: उघडी पोती, ओल्या ताटल्या, कंपोस्टचा डबा, पाण्यात ठेवलेल्या केळीच्या साली. फक्त झाडं मोजली गेली.

मार्चमधली मूळ चूकही सुधारता येण्यासारखी होती. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल, काडीकचरा ओळखू येत असेल, तर ते घरातल्या कुंडीत घालायच्या लायकीचं नाही; ते गच्चीवरच्या कुंड्यांना द्यावं किंवा आणखी दोन-तीन महिने कुजू द्यावं. आणि माती बदलायची तर कूलर लागायच्या आधी, माघ-फाल्गुनात, म्हणजे नवी माती एकदा तरी नीट सुकून जाते.

रेतीच्या थराबद्दल मत थोडं राखून द्यावं लागेल. त्याने अंडी घालणं कमी झालं असावं, पण त्याच आठवड्यात पाणीही कमी केलं होतं, त्यामुळे श्रेय वेगळं काढता येत नाही. रेतीने मातीची ओल झाकली जाते, आणि दोन कुंड्यांना त्यामुळे पुन्हा जास्त पाणी गेलं, हे मात्र नक्की. वजन उचलून पाहायची सवय नसेल तर रेती न घातलेली बरी.

पावसाळ्यात घरातल्या कुंड्या आठवड्याला एकदाच पाणी मागतात, कधी दहा दिवसांनी. त्या काळासाठी हॉलमध्ये एक आणि धुण्याच्या जागेत एक, अशी दोन कार्डं कायम ठेवली आहेत. त्यांवर आठवड्याला पाचपेक्षा जास्त चिलटं दिसली की सगळ्या कुंड्यांत पुन्हा बटाटे लावायचे, असं ठरलं आहे. रविवारची मोजणी आता सासूबाई करतात.